टेफ्लॉनवर घट्ट, सिलिकोनवर सैल: समुद्री जीव कशावर कसे चिकटतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. समुद्रात बुडवून ठेवायच्या एका मोजमाप यंत्राचं आवरण कशाचं करावं हे ठरवायला तुम्ही काच, ॲक्रिलिक, स्टेनलेस स्टील, टेफ्लॉन आणि सिलिकोन रबर यांच्या पट्ट्या महिनाभर पाण्यात टांगल्या. टेफ्लॉन कोरा निघेल अशी खात्री होती. पण त्याच्यावरही बार्नॅकल (खडकांना, जहाजांना चिकटून राहणारे कवचाचे छोटे प्राणी) बसलेच, आणि खरवडल्याशिवाय निघाले नाहीत. सिलिकोनवर संख्या जवळपास तेवढीच होती, पण अंगठ्याने ढकलले की सुटत होते. मग टेफ्लॉन 'न चिकटणारा' कसा, आणि ज्यावर काहीच चिकटत नाही असा पदार्थ कोणता?

शेवटच्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: असा पदार्थ नाही. पाण्याखालच्या रंगांच्या आणि लेपांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. विष न सोडता, कुणी न पुसता, एका जागी स्थिर राहून समुद्रात महिनोन्‌महिने स्वच्छ राहिलेला पृष्ठभाग मी अजून पाहिलेला नाही. पण तुमच्या पट्ट्यांनी तुम्हाला त्याहून कामाची गोष्ट दाखवली आहे. 'जीव बसला का' आणि 'बसलेला जीव किती जोराने धरून आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर जीवाच्या निवडीवर ठरतं, दुसऱ्याचं गोंद आणि पदार्थ यांच्या यांत्रिकीवर. बहुतेक गोंधळ या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मोजल्याने होतो. पट्टीवरचे जीव मोजले की फक्त पहिला प्रश्न सुटतो.

हेही सांगतो की तुमचा निकाल दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा मिळणार नाही. पाणी किती उबदार, ऋतू कोणता, खोली किती, ऊन पडतं का, प्रवाह किती, शेजारच्या खांबावर आधीच कोण वस्तीला आहे, यावर खूप अवलंबून असतं. एकाच पट्टीच्या उजेडाकडच्या बाजूला शेवाळ आणि सावलीतल्या खालच्या बाजूला बार्नॅकल, ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे सूक्ष्म प्राणी), स्पंज असं चित्र नेहमी दिसतं. बऱ्याच अळ्यांना गडद रंग पांढऱ्यापेक्षा बरा वाटतो. त्यामुळे पारदर्शक ॲक्रिलिक आणि काळं रबर यांची तुलना करताना काही फरक निव्वळ रंगाचा असू शकतो.

आता मूळ मुद्दा. पट्टी पाण्यात गेल्यावर काही मिनिटांतच पाण्यातली प्रथिनं, शर्करांच्या साखळ्या, कुजक्या सेंद्रिय पदार्थाचे रेणू तिच्यावर येऊन बसतात आणि एक अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणजे कोणत्याही जीवाची गाठ तुमच्या कोऱ्या काचेशी किंवा कोऱ्या टेफ्लॉनशी पडतच नाही. पडते ती या थराशी. तरीही खालचा पदार्थ निरर्थक होत नाही, कारण कोणते रेणू बसतात, कोणत्या बाजूने बसतात आणि किती घट्ट बसतात हे तोच ठरवतो. त्यानंतर काही तासांत जिवाणू येतात. सुरुवातीला ते नुसते टेकलेले असतात, पाण्याच्या झोताने निघतात. मग स्वतःभोवती चिकट बहुशर्करांचा पसारा मांडतात आणि पक्के होतात. हाच तो बुळबुळीत थर. त्यात डायाटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शेवाळ) मिसळतात, पुढे शेवाळांचे बीजाणू आणि प्राण्यांच्या अळ्या येतात.

पुस्तकांत हा क्रम जिन्याच्या पायऱ्यांसारखा काढलेला असतो, आणि तो मला थोडा फसवा वाटतो. खालची पायरी झाल्याशिवाय वरची होत नाही असं नाही. हिरव्या उल्वा शेवाळाचे बीजाणू आणि काही ब्रायोझोआंच्या अळ्या कोऱ्या पृष्ठभागावरही चटकन बसतात. उलट हायड्रॉइडिस एलेगन्स या नळीत राहणाऱ्या कृमीच्या अळीला जिवाणूंचा थर लागतोच. स्युडोअल्टेरोमोनास या जिवाणूच्या एका जातीत सूक्ष्म सुईसारख्या प्रथिनरचना असतात आणि त्यांच्या स्पर्शाने या अळीचं रूपांतर सुरू होतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. थोडक्यात, कोण आधी येणार हे बरंचसं पाण्यात त्या आठवड्यात कोण तरंगत होतं यावर ठरतं.

पाण्याखाली चिकटणं मुळात अवघड आहे. ओल्या काचेवर चिकटपट्टी लावून पाहा. तिच्या आणि काचेच्या मधे पाणी आहे तोवर ती धरत नाही. समुद्री जीवासमोरही पहिला प्रश्न गोंद किती जोरकस हा नसतो, मधलं पाणी हटवायचं कसं हा असतो. खाऱ्या पाण्यात तर पृष्ठभागाला पाण्याबरोबर क्षारांचे आयनही बिलगलेले असतात. हा प्रश्न वेगवेगळ्या प्राण्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे, आणि म्हणूनच सगळ्यांना पुरून उरेल असा एक पृष्ठभाग सापडत नाही.

मसल जातीचा शिंपला घ्या. तो कवचातून जिभेसारखा पाय बाहेर काढतो, पायाच्या टोकाजवळची खळगी पृष्ठभागावर दाबतो आणि त्या बंद जागेत गोंदाची प्रथिनं सोडतो. काही मिनिटांनी पाय मागे घेतला की एक धागा आणि त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरची चकती तयार झालेली असते. या प्रथिनांत डोपा नावाचा घटक भरपूर असतो. टायरोसिन या अमिनो आम्लावर एक जादा हायड्रॉक्सिल गट बसला की डोपा होतो. हर्बर्ट वेट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे रसायन उलगडत नेलं. डोपाची खुबी अशी की धातूच्या ऑक्साइडशी तो थेट बंध जोडतो, काचेशी हायड्रोजन बंध करतो आणि तेलकट प्लॅस्टिकवर आपली वलयाकार बाजू टेकवतो. त्याच्या शेजारी असलेलं लायसिन पृष्ठभागाला बिलगलेले क्षारांचे आयन बाजूला सारायला मदत करतं.

यात एक अडचण आहे: समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, साधारण ८.१ पीएच, त्यात डोपाचं लवकर ऑक्सिडीकरण होतं आणि मग त्याची पृष्ठभागाला धरायची ताकद कमी होते. म्हणून पायाखालच्या बंद खळगीत शिंपला आम्लधर्मी स्राव सोडतो, आणि गंधक असलेलं एक वेगळं प्रथिन बिघडू लागलेला डोपा पूर्ववत करत राहतं. गोंद आधी आम्लात पृष्ठभागाला बिलगतो, मग समुद्राच्या पाण्यात आतून घट्ट होतो. धाग्याच्या बाहेरच्या सालीत लोहाचे आयन डोपाला एकत्र बांधतात; साल त्यामुळे कडकही राहते आणि ताणलीही जाते.

टेफ्लॉनबद्दलचा भ्रम जायला एवढी एक गोष्ट पुरे आहे. २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवलं की शिंपल्यापासून स्फूर्ती घेऊन डोपाच्या जवळच्या नात्यातल्या डोपामीनचं सौम्य अल्कधर्मी द्रावण केलं आणि त्यात जवळपास कोणताही पदार्थ बुडवला, तरी त्याच्यावर पातळ पक्का थर बसतो. त्या पदार्थांत टेफ्लॉनही होता.

बार्नॅकलचा मार्ग निराळाच. त्याच्या शेवटच्या टप्प्यातली अळी, सायप्रिड, साधारण अर्धा मिलिमीटर लांबीची असते. ती काही खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगते आणि त्या मुदतीत तिला जागा ठरवायची असते. सूक्ष्मदर्शकाखाली हिला पाहणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग. दोन स्पर्शिकांच्या टोकांना बारीक चकत्या असतात. एक टेकवायची, दुसरी उचलायची, पुढे ठेवायची, अशी ती चालते. मधेच थांबते, जागच्या जागी वळते, चार पावलं मागे येते, पटलं नाही की सरळ पोहून जाते. प्रत्येक पावलाला तात्पुरता गोंद लागतो आणि त्याचा पुसटसा ठसा मागे राहतो. हे ठसे आणि मोठ्या बार्नॅकलच्या अंगावरची प्रथिनं पुढच्या अळ्यांना सांगतात की इथे आपली माणसं आहेत. म्हणून बार्नॅकल एकटा क्वचित दिसतो, आणि म्हणूनच एका पट्टीवर योगायोगाने दोन-तीन आधी बसले की तिचा आकडा शेजारच्या पट्टीच्या कितीतरी पुढे जातो. पदार्थाचा त्यात काही संबंध नसतो.

जागा पसंत पडली की कायमचा गोंद सुटतो. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की तो दोन भागांत येतो: आधी तेलकट थेंब, जे पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सारतात, आणि मग फॉस्फेटयुक्त प्रथिनं, जी त्या कोरड्या केलेल्या जागेत धरतात. त्यानंतर अळीचं रूपांतर होऊन छोटा बार्नॅकल बनतो आणि तो वेगळा, प्रौढ गोंद तयार करू लागतो. प्रौढ गोंदाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांचा असतो आणि डोपावर त्याची भिस्त नसते. तळ कडेकडेने वाढत जातो आणि प्रत्येक वाढीबरोबर कडेला नवा गोंद पडतो. म्हणजे आज सहज निघणारा बार्नॅकल महिन्याभराने सहज निघेलच असं नाही.

तुमच्या काचेच्या पट्टीवर एखादा मोठा बार्नॅकल असेल तर ती उलटी करून मागून पाहा. चुनखडी तळाच्या जातीचा असेल तर तळाची वर्तुळाकार वाढ आणि केंद्रातून निघालेल्या बारीक रेषा स्वच्छ दिसतील. गोंदाचा थर इतका पातळ की तो वेगळा ओळखूही येत नाही. मग सिलिकोनवरचा एक ढकलून काढा आणि त्याचा तळ पाहा. बऱ्याचदा तो सपाट नसतो. मधे वाटीसारखा उचललेला असतो आणि त्या पोकळीत जाड, पांढरट, रबरासारखा गोंद भरलेला असतो. बार्नॅकलने गोंद कमी वापरला नाही, उलट जास्त वापरला. तरी पकड ढिली. असं का, ते आता सांगतो.

पृष्ठऊर्जेचा मुद्दा आधी. पृष्ठऊर्जा म्हणजे पृष्ठभाग दुसऱ्या पदार्थाला किती ओढून घेतो याचं माप. रॉबर्ट बायर यांनी १९६०-७० च्या सुमारास मांडलेली एक वक्ररेषा या क्षेत्रात सगळे जाणतात. पृष्ठभागाचा क्रांतिक ताण (पृष्ठऊर्जेचाच मोजता येणारा अंदाज) आडव्या अक्षावर आणि जैविक चिकटणं उभ्या अक्षावर घेतलं, तर सर्वांत कमी चिकटणं २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर या पट्ट्यात दिसतं, नेमकं म्हणायचं तर २२ ते २४ च्या आसपास. सिलिकोन तिथेच बसतो. टेफ्लॉन १८-१९ च्या घरात, म्हणजे तळाच्याही डावीकडे, जिथे रेषा पुन्हा वर चढू लागते. पॉलिथिन ३१ च्या आसपास, ॲक्रिलिक ३९ च्या. काच आणि धातू त्याहून बरेच वर. सर्वांत कमी पृष्ठऊर्जा म्हणजे सर्वांत कमी चिकट, हे गृहीतक इथेच मोडतं.

पण खरं सांगायचं तर तुमच्या अंगठ्याला जो फरक जाणवला तो पृष्ठऊर्जेचा कमी आणि मऊपणाचा जास्त आहे. कडक वस्तू कडक पायावर चिकटलेली असेल तर ती काढताना सगळा जोड एकदम तोडावा लागतो. पाया लवचीक असेल तर तो कडेला ताणला जातो, तिथे बारीक फट पडते आणि ती आत धावत जाते. जोड थोडा थोडा करत सुटतो. केविन केंडल यांनी १९७१ मध्ये हे गणितात बसवलं. पुढे ब्रॅडी आणि सिंगर यांनी २००० साली दाखवलं की समुद्री जीवांच्या बाबतीत पकड ही पृष्ठऊर्जा आणि लवचीकतेचा गुणांक (पदार्थ किती कडक आहे याचं माप) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाबरोबर चालते. आता आकडे घाला. सिलिकोन रबराचा गुणांक एक ते तीन मेगापास्कल, टेफ्लॉनचा पाचशेच्या आसपास, म्हणजे काही शे पट कडक. पृष्ठऊर्जा दोघांची जवळपास सारखी. वर्गमूळ काढलं तर कागदावर टेफ्लॉनवरची पकड सिलिकोनच्या सुमारे १५ पट येते. प्रत्यक्षात आकडा जातीनुसार हलतो, पण दिशा हीच. इपॉक्सी, काच, पोलाद यांचा गुणांक गिगापास्कलमध्ये (एक म्हणजे हजार मेगापास्कल) मोजतात, तेव्हा तिथे काय होणार हे वेगळं सांगायला नको.

टेफ्लॉनची आणखी एक खोड आहे आणि ती बाजारात मिळणाऱ्या पत्र्यात असते. हा पत्रा बऱ्याचदा मोठ्या दंडगोल ठोकळ्यावरून पात्याने सोलून काढलेला असतो. त्याच्या अंगावर पात्याचे बारीक चरे असतात, आणि पावडर दाबून, भाजून केलेल्या पदार्थात सूक्ष्म छिद्रंही राहतात. पातळ गोंद त्यात शिरतो, घट्ट होतो आणि मग रासायनिक बंध असो नसो, नुसत्या अडकण्यानेच धरून ठेवतो. तुमची पट्टी भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. चरे दिसले तर तुमच्या निकालाचं निम्मं स्पष्टीकरण तिथेच मिळेल.

सिलिकोनच्या जाडीकडेही लक्ष द्या. तुमची पट्टी जाड होती म्हणून ती ताणली गेली. हाच सिलिकोन पोलादावर फार पातळ फासला तर जीवाला खालचं पोलाद 'जाणवतं' आणि पकड वाढते, कारण सुटायला लागणारं बल गुणांकाबरोबरच थराच्या जाडीवरही ठरतं: जाडी कमी, बल जास्त. पैसे वाचवायला थर पातळ केला आणि मग लेपाला नावं ठेवली, असं मी बऱ्याचदा पाहतो.

आणि सिलिकोनलाही धरून बसणारे आहेत. डायाटम. हे एकपेशीय जीव आपल्या कवचातल्या फटीतून चिकट पदार्थ सोडत पृष्ठभागावर सरकतात, आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या पृष्ठभागांवर त्यांची पकड उलट चांगली असते. सिलिकोनचा लेप दिलेली जहाजं वेगाने धावली की बार्नॅकल गळून पडतात, पण तपकिरी बुळबुळीत थर तसाच राहतो, त्याचं कारण हे. उल्वाच्या बीजाणूंचं वेगळंच: पाणी दूर ठेवणाऱ्या पृष्ठभागावर ते जास्त संख्येने बसतात, पण त्यांची पकड पाणी ओढून घेणाऱ्या पृष्ठभागावर जास्त पक्की असते. निवड एका दिशेला, पकड दुसऱ्या. म्हणून हल्लीचे लेप पाणी ओढणारे आणि ढकलणारे असे दोन्ही प्रकारचे कण अगदी सूक्ष्म प्रमाणात मिसळून करतात. उपाय हुशारीचा आहे, पण रामबाण नाही.

खडबडीतपणाबद्दल एकच नियम लक्षात ठेवा: खाच जीवापेक्षा मोठी की लहान हे पाहा. खाच मोठी असेल तर जीवाला आडोसा मिळतो, टेकायला जास्त बाजू मिळतात, पाण्याचा झोत लागत नाही. खाच त्याच्याहून लहान असेल तर त्याला फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकावं लागतं आणि संपर्क कमी होतो. फ्लोरिडा विद्यापीठात अँथनी ब्रेनन यांच्या गटाने शार्कच्या कातडीवरून घेतलेली सुमारे दोन मायक्रोमीटरची नक्षी सिलिकोनवर उठवली, तेव्हा पाच-सहा मायक्रोमीटरच्या उल्वा बीजाणूंचं बसणं ८६ टक्क्यांनी घटलं. पण ती नक्षी अर्ध्या मिलिमीटरच्या सायप्रिडसाठी नाही, आणि तिच्याहून लहान जिवाणूंचं गणित पुन्हा वेगळं. शिवाय समुद्रात काही आठवड्यांत नक्षीवरच थर बसतो. तुमच्या यंत्रावर नक्षीचा विचार सोडा. वेल्डिंगचे सांधे, स्क्रूची डोकी, केबल बांधायच्या पट्ट्या आणि दोन भागांमधल्या फटी कमी करा. चाचणीत कोरी राहिलेली प्रत्येक पट्टी कडेला आणि भोकापाशी मात्र भरलेली असते.

लाकूड आणि काँक्रीट तुमच्या यादीत नाहीत, म्हणून दोन वाक्यांत. लाकडावर बसणारे जीव ही लहान अडचण, आत शिरून पोखरणारा टेरेडो हा कृमीसारखा दिसणारा शिंपला ही मोठी. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं म्हणून सुरुवातीला थोडं मोकळं राहतं, पण पृष्ठभागावरची अल्कता ओसरली की खडबडीत आणि कॅल्शियमयुक्त असल्यामुळे कालवांना ते फार मानवतं.

तांब्याबद्दल मात्र सविस्तर, कारण पुढच्या वेळी तुम्ही तांब्याची पट्टी लावणार हे मला दिसतंय. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तळ स्वच्छ राहिला. पण तांबं समुद्रात झिजायचं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. रसायन म्हणून प्रयोग उत्तम झाला. आजचं गंजरोधक ॲनोडचं (स्वतः झिजून शेजारच्या धातूला वाचवणाऱ्या तुकड्याचं) तंत्र त्यातूनच आलं. पण झीज थांबली आणि त्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नॅकल वाढू लागले. म्हणजे तांब्याचा पृष्ठभाग जीवांना नकोसा नसतो, त्यातून विरघळून येणारे तांब्याचे आयन नकोसे असतात. बार्नॅकलला दूर ठेवायला दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला साधारण १० मायक्रोग्रॅम तांबं सुटावं लागतं असं धरतात. ते सुटणं बंद झालं की तांबं आणि काच सारखेच.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या आवरणाला थेट चिकटवली तर ॲल्युमिनियम खाल्लं जाईल आणि तांबं सुरक्षित राहून निकामी होईल. दोन्हीकडून तोटा. जस्ताच्या ॲनोडशी विजेची जोडणी असली तरी तेच. मधे प्लॅस्टिकचा किंवा रबराचा विद्युतरोधक थर हवाच. आणि यंत्र पाण्यातल्या धातूंचंच मोजमाप करणार असेल तर तांब्याचा विचारच नको. विषाच्या मार्गाला मर्यादा असतात, हे या व्यवसायाने एकदा पुरतं पाहिलं आहे: ट्रायब्युटिल टिन हे रसायन जहाजांवर विलक्षण चाललं, पण गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, आणि शेवटी त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार होऊन तो २००८ मध्ये अमलात आला.

इथवरचं जुळवून घेऊ. कोण बसेल हे पाणी, ऋतू, उजेड आणि शेजारी ठरवतात, पदार्थाचा त्यात लहानसा वाटा. किती घट्ट बसेल हे पृष्ठऊर्जा, मऊपणा, लेपाची जाडी आणि बारीक चरे ठरवतात, इथे पदार्थाचा वाटा मोठा. बसूच द्यायचं नसेल तर पृष्ठभागातून काहीतरी सुटत राहिलं पाहिजे किंवा कुणीतरी तो पुसत राहिला पाहिजे.

तुमच्या यंत्रापुरतं बोलायचं तर मी आवरण आणि खिडकी (ज्यातून यंत्र मोजमाप घेतं तो पारदर्शक भाग) यांचा वेगवेगळा विचार करेन. आवरणाला जाड सिलिकोन लेप द्या, पण थेट नको. सिलिकोन धातूलाही नीट धरत नाही, त्यामुळे खाली इपॉक्सीचा प्राइमर आणि मधे जोडणारा थर लागतो. जहाजावर सिलिकोन स्वतः साफ होतो कारण जहाज धावतं; तुमचं यंत्र एका जागी उभं राहणार, म्हणजे जीव बसतीलच आणि तुम्हाला ते मऊ स्पंजने काढावे लागतील. धातूची खरवडणी त्याला लावू नका, एक काप पडला की तिथून लेप उचलायला लागतो. खिडकीला कोणताही लेप महिनाभर पुरणार नाही, कारण तिथे नुसता बुळबुळीत थरही मोजमाप बिघडवतो. तिथे यांत्रिक पुसणी, किंवा मोजमाप नसताना झाकणारी तांब्याची झडप, किंवा अतिनील किरणांचा दिवा, यांपैकी जे तुमच्या बॅटरीला परवडेल ते.

चाचणी पुन्हा घेणार असाल तर प्रत्येक पदार्थाच्या अनेक पट्ट्या करा, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्यांच्या मागे एकाच रंगाचा आधार द्या आणि कडेचा सेंटिमीटरभर भाग मोजणीतून वगळा. संख्येबरोबर पकडही मोजा: लहान बलमापकाने बार्नॅकल पृष्ठभागाला समांतर ढकला, सुटतानाचं बल नोंदवा, त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागा. ढकलताना कवच फुटून तळ पट्टीवरच राहिला तर तो आकडा घेऊ नका. ती गोंदाची नव्हे, कवचाची ताकद असते. काचेवर आणि पोलादावर हे वारंवार होईल, आणि किती वेळा झालं याचीही नोंद ठेवा, तीही पकडीचीच माहिती आहे.

स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर असे राहिलेले तळ असतील तर ते आजच पूर्ण खरवडून काढा. त्यांच्या प्रथिनांमुळे पुढच्या अळ्या नेमक्या तिथेच येऊन बसतात, आणि तळाखाली ऑक्सिजन पोचत नसल्याने स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. तळ काढल्यावर खाली गोल डाग किंवा टोचल्यासारखे ठिपके दिसले, तर ते स्टील आवरणासाठी वापरू नका.